लुआंग्वाचं पाणी बघून सुट्टी ठरवा: झांबियातल्या पहिल्या सफारीची तयारी

आधी मुलांची शाळा कधी सुटते ते सांगा. आफ्रिकेच्या सफारीबद्दल विचारायला कुणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच टाकतो. “सगळ्यात चांगला महिना कोणता?” या प्रश्नात मी शिरतच नाही, कारण महिना निवडणं बहुतेकांच्या हातात नसतं. हातात असते ती मे महिन्याची सुट्टी, नाहीतर दिवाळीची. त्या दिवसांत तिथली नदी कशी असेल हे एकदा कळलं, की काय दिसणार आणि काय नाही याचा हिशेब मांडता येतो.

हिशेबासाठी मी झांबियातलं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान घेतोय. आपल्याकडचे बहुतेक पर्यटक मसाई माराला जातात, आणि खुशाल जावं. पण ऋतूबरोबर जंगल किती पालटतं, हे लुआंग्वाइतकं उघड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी दोनदा गेलोय. एकदा फेब्रुवारीत, ती कहाणी पुढे येईलच, आणि एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस.

पहिली पायरी: नदी समजून घ्या

उद्यान 9,050 चौरस किलोमीटरचं. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफरसकट 1,727 चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे पाचपटीहून मोठं. त्याच्या पूर्वेच्या अंगानं लुआंग्वा नदी वाहते आणि पुढे झांबेझीला मिळते. या नदीवर मोठं धरण नाही. त्यामुळे दर पावसाळ्यात ती मनाला येईल तसे काठ खाते, वळणं सोडते, नवी वळणं घेते. सोडलेल्या वळणांचे डोह होतात. जंगलाची सगळी वर्दळ या डोहांवर आणि नदीच्या पात्रावर ठरते.

झांबिया दक्षिण गोलार्धात आहे. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. मेपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळातून जवळजवळ थेंब नाही. पाऊस थांबला की आतल्या रानातली डबकी आधी आटतात, मग ओढे, मग लहान डोह. प्राणी पाण्यामागे सरकत सरकत नदीकाठी येतात. हे आपल्याला नवीन नाही. ताडोब्यात वाघ बघायला आपण एप्रिल-मेच्या रखरखाटात का जातो, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची मोजणी का होते, त्याचंच हे शास्त्र. लुआंग्वाचा ऑक्टोबर म्हणजे ताडोब्याचा मे. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: आपली सुट्टी त्यावर ठेवून पाहा

मे महिन्याची सुट्टी. पाऊस नुकताच गेलेला, गवत अजून हिरवं आणि उंच, डोह भरलेले. प्राणी सर्वदूर पांगलेले असतात, म्हणून दर वळणावर सिंह अशी अपेक्षा ठेवू नका. पण हवा सुरेख, धूळ नाही, आणि फोटोला प्रकाश असा की साधा मोबाइलही लाजवत नाही. पक्षी बघणाऱ्यांनी मार्च ते मे यांतला काळ जरूर पाहावा. नदीच्या पूर्व काठावर न्सेफू नावाचा भाग आहे. तिथे पाण्यात उभ्या झाडांवर पिवळ्या चोचीच्या बलाकांची मोठी वीण वसाहत भरते. भिगवणला दिसणाऱ्या चित्रबलाकाचा हा आफ्रिकेतला चुलतभाऊ. मात्र आत खोल असलेले छोटे कॅम्प मेच्या उत्तरार्धापर्यंत उघडलेले नसतात, हे बुकिंग करताना ध्यानात असू द्या.

जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. माहितीपत्रकं याच महिन्यांची स्तुती करतात आणि ती खोटी नाही. गवत वाळून खाली बसतं, जनावरं दिसू लागतात, पायी सफारी जोरात असते. फक्त पहाटेच्या उघड्या जीपमध्ये काकडायला होतं. पारा दहाच्या आसपास, वर वारा. लॉजवाले गाडीत ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी ठेवतात, तरी कानटोपी घरून न्याच. “आफ्रिकेत कसली थंडी” म्हणत फक्त टी-शर्ट नेणारे पहिल्याच सकाळी ओळखू येतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण दिवाळी ऑक्टोबरात आली तर तुमची गाठ याच नदीशी पडणार. पारा चाळीशी गाठतो. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं. मी नागपूरचा, मला चाळिसाचं भय कुणी दाखवू नये, पण मुंबईहून आलेलं एक कुटुंब दुपारभर ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलं मी पाहिलंय. बदल्यात मिळतं ते असं: नदी वाळूतल्या काही पट्ट्यांपुरती उरते, आणि त्या पट्ट्यांत पाणघोडे बाजाराच्या दिवशी एसटीत असावेत तसे खेटून असतात. जगातली पाणघोड्यांची दाट वस्ती असलेल्या नद्यांत लुआंग्वाचं नाव घेतात. चारा संपलेला, जागा अपुरी, त्यामुळे नरांच्या मारामाऱ्या रोजच्या. मेलेल्या पाणघोड्याभोवती मगरी जमतात. म्हशींचे कळप पाण्याला येतात आणि सिंह काठावरच मुक्काम ठोकतात.

याच दिवसांत नदीच्या उभ्या, कोरलेल्या काठात हजारो भोकं पडलेली दिसतात. ती कार्माइन बी-ईटरची घरटी. आपल्या वेड्या राघूच्याच कुळातला, पण अंगानं किरमिजी आणि डोक्यावर निळसर हिरवा. (किरमिजी आणि कार्माइन हे शब्दही एकाच मुळातले आहेत, हे मला तिथे बसून शब्दकोश आठवताना सुचलं.) ऑगस्टच्या अखेरीला ते येतात आणि नोव्हेंबरपर्यंत असतात. होडीतून समोर जाऊन पाहिलं, तर घार आली की अख्खा काठ एकदम हवेत उठतो आणि मातीचा रंग उघडा पडतो. मग एकेक करून लाल ठिपके परत भोकात.

दिवाळी नोव्हेंबरात गेली तर गणित बदलतं. पहिल्या वादळी सरी आलेल्या असतात, धूळ बसते, चार दिवसांत रान पोपटी होतं. इंपाला हरणांची पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मतात, सगळी जवळजवळ एकदमच. पण पाणी सर्वत्र झाल्यानं हत्ती, म्हशी पुन्हा आत पांगू लागतात. बरेच आतले कॅम्पही नोव्हेंबर लागताच बंद होतात. म्हणून दिवाळीची तारीख कॅलेंडरात बघूनच एजंटाशी बोला.

याच सुमाराला म्फुवे लॉजमध्ये हत्ती येतात. खरोखरच आत येतात. या लॉजच्या अंगणात रानआंब्याचं झाड आहे. नाव आंबा असलं तरी आपल्या हापूसशी त्याचं नातं नाही, जातकुळी शेंगांच्या झाडांची. फळं पिकली की ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एका हत्तिणीचं कुटुंब दगडी पायऱ्या चढून स्वागतकक्षातून सरळ झाडाखाली जातं. लॉज त्यांच्या वाटेवर उभं राहिलं, त्यांनी वाट बदलली नाही. वाकड्या सुळ्यावरून ‘वॉन्की टस्क’ हे नाव पडलेली म्होरकी हत्तीण यामुळे जगभर ओळखली गेली. लॉजची माणसं तेवढा वेळ काउंटर सोडून बाजूला होतात आणि पाहुण्यांना दोरीमागे थांबवतात. हत्ती कुठल्या दिवशी येतील याची हमी कुणीही देत नाही. देणारा भेटला तर त्याच्याकडून बुकिंग करू नका.

हत्तींवरून आठवलं. सुळे नसलेली हत्तीण दिसली की आपल्याला काही वाटत नाही, कारण आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसणारे सुळे नसतातच. आफ्रिकेतल्या माद्यांना मात्र ते असतात. लुआंग्वात बिनसुळ्याच्या माद्या बऱ्याच दिसतात, त्याचं कारण 1970 आणि 1980च्या दशकांतली हस्तिदंतासाठीची कत्तल. सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या आणि त्यांचीच पिल्लं वाढली.

आता जानेवारी ते मार्च, आणि माझी फेब्रुवारीची कहाणी. एका एजंटानं सांगितलं, “प्राणी काय, बाराही महिने तेच असतात. आता दर कमी आहेत, बुक करून टाका.” दोन्ही वाक्यं खरी होती. सांगायचं राहिलं ते एवढंच की त्या दिवसांत गवत माणसाच्या डोक्याला लागतं आणि काळ्या मातीच्या वाटांवर गाडी रुतते, म्हणून फिरणं मोजक्या पक्क्या रस्त्यांपुरतं उरतं. चार दिवसांत आम्हाला बिबट्याचं शेपूट दिसलं. बाकीचा बिबट्या गवतात होता. आमची आई तेवढ्यावरही खूश होती, कारण पूर आलेल्या नदीतून बोटीनं बुडालेल्या झाडांच्या राईत जाणं तिला कोकणातल्या खाडीसारखं वाटलं. पक्षी विणीच्या रंगात असतात, विजांचे फोटो निघतात, गर्दी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाणाऱ्यानं हा ऋतू जरूर घ्यावा. पहिल्याच खेपेला, मुलांना सिंह कबूल करून, जाऊ नये.

तिसरी पायरी: लॉज निवडताना काय विचारायचं

मोठं लॉज आणि बुश कॅम्प यांत फरक आहे. लॉज वर्षभर चालू, बहुतेक उद्यानाच्या दाराशी असलेल्या म्फुवे गावाकडच्या पुलाजवळ, पक्क्या खोल्यांचं. बुश कॅम्प म्हणजे आत नदीकाठी पाच-सहा झोपड्या किंवा तंबू, काही तर दर वर्षी गवत-बांबूनं नव्यानं उभारतात, कारण पुराचं पाणी जुनं उचलून नेतं. लहान मुलं बरोबर असतील तर लॉज घ्या. पायी सफारीला साधारण बारा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि बुश कॅम्पात दुपारी करायला दुसरं काही नसतं.

बुकिंगच्या आधी हे लेखी विचारा: त्या तारखांना कुठले रस्ते चालू असतील? एका गाडीत किती जण? रात्रीची फेरी दरात धरलेली आहे का? खोलीसमोर पाणी आहे का, आणि त्या महिन्यात ते असेल का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ‘डोहाकाठची खोली’ ऑक्टोबरात भेगाळलेल्या चिखलाकाठची असू शकते.

गेंडा आणि चित्ता बघायचा हट्ट असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही. चित्ता इथे नाही. काळे गेंडे शिकारीत संपले, 2003पासून ते पुन्हा आणले गेले तेही नॉर्थ लुआंग्वात. इथली खासियत म्हणजे बिबटे, रानटी कुत्रे (आपल्याकडचे ढोल जातीचे रानकुत्रे नव्हेत, हे ठिपक्याठिपक्यांचे, मोठ्या गोल कानांचे) आणि या खोऱ्याबाहेर न आढळणारा थॉर्निक्रॉफ्ट जिराफ.

चौथी पायरी: सुया, विमान, बॅग

मुंबईहून आदिस अबाबामार्गे लुसाका, तिथून तासाभराच्या लहान विमानानं म्फुवे, पुढे पाऊण तास गाडी. आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून ये-जा असेल तर पिवळ्या तापाची लस घेऊनच टाका. ती केंद्र सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. ते नसेल तर परतताना भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आई-वडील साठीपुढचे असतील तर लसीआधी डॉक्टरांशी बोला, त्या वयात ती सरसकट देत नाहीत. मलेरिया तिथे बाराही महिने आहे. गोळ्या कुठल्या आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील, व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका नाही.

लहान विमानात कडक सूटकेस चालत नाही, मऊ बॅग न्या आणि वजनाची मर्यादा आधी विचारा. कपडे खाकी, मातकट, शेवाळी. निळा आणि काळा रंग टाळा, कारण त्सेत्से माशी या दोन रंगांवर धावते. मी हे वाचलं होतं, तरी जीन्स घातली. ती जीन्सवरूनही चावते, आणि चावा घोडामाशीसारखा सणकून लागतो. लॉजवाले कपडे धुऊन देतात, पण पुष्कळ ठिकाणी अंतर्वस्त्रं सोडून. त्यासाठी खोलीत साबणाची पूड ठेवलेली असते. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. दुर्बीण प्रत्येकाला स्वतंत्र हवी. एकात दोघांनी भागवायचं ठरवलंत तर नेमक्या क्षणी भांडण होणार. जुन्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथे कुणी घेत नाही.

पाचवी पायरी: तिथला दिवस

पहाटे पाचच्या सुमारास हाक येते. शेकोटीजवळ चहा, पाव, कधी मक्याची पेज. सहाला गाडी निघते, दहा-साडेदहाला परत. दुपार झोपेची. साडेतीनला चहा, चारला पुन्हा बाहेर. सूर्य बुडताना नदीकाठी थांबून काहीतरी प्यायचं, मग प्रकाशझोत लावून रात्रीची फेरी आणि आठपर्यंत उद्यानाच्या नियमाप्रमाणे परत. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात रात्री फिरता येत नाही, इथे येतं, म्हणून ही फेरी कंटाळा आला तरी चुकवू नका. झोत फिरवणारा माणूस डोळ्यांच्या चमकेवरून जनावर ओळखतो. उदमांजराच्या जातीचे जेनेट आणि सिव्हेट, साळिंदर, वाटेवर बसलेला रातवा, आणि नशीब असेल तर शिकारीला निघालेला बिबट्या.

गाडीत उभं राहू नका, हात बाहेर काढू नका, एवढे नियम तुम्हाला ठाऊक आहेत. ठाऊक नसतं ते हे की गाईडला पहिल्याच दिवशी मोकळेपणी सांगायचं: आम्हाला काय बघायचंय, किती वेळ एका जागी बसायची तयारी आहे. नाहीतर तो समजतो की भारतीय पाहुण्यांना फक्त सिंह हवा, आणि गाडी सिंहामागे पळवतो. आमच्या गाईडला आईनं सांगितलं, “बाबा रे, तू एका झाडाखाली गाडी लाव आणि गप्प बस.” मी भाषांतर करून सांगितलं. तो हसला आणि त्यानं गाडी किगेलियाच्या झाडाजवळ नेली. दुधीभोपळ्यासारखी लांब फळं लोंबणारं हे झाड आपल्याकडेही बागांत लावलेलं दिसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याची मोठी, गडद लाल फुलं खाली पडतात, हरणं ती खायला येतात, आणि बिबट्या वर फांदीवर वाट बघतो. आम्ही फुलांच्या दिवसांनंतर पोचलो होतो, त्यामुळे बिबट्या नव्हता, पण शेजारच्या विंटरथॉर्नखाली हत्ती होता. हे बाभळीच्या जातीतलं झाड उलट्या खोपडीचं: पावसात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं राहतं. ऑक्टोबरात त्याच्या जर्दाळू रंगाच्या, सफरचंदाच्या सालीसारख्या वळलेल्या शेंगा पिकतात. हत्तीनं कपाळ खोडाला टेकवलं, एकदाच झाड हलवलं, आणि मग खाली पडलेल्या शेंगा सोंडेच्या टोकानं एकेक वेचत तो चाळीस मिनिटं आमच्यासमोर उभा होता. शेंग तोंडात मोडल्याचा आवाज गाडीपर्यंत येत होता.

झाडांकडे बघत राहा. गोरखचिंच इथली मूळ रहिवासी, आणि आपली चिंचही रानात सापडते. कान उघडे ठेवा. चितळाच्या आणि वानराच्या हाकेवरून वाघ शोधणाऱ्याला इथे फार शिकावं लागत नाही: पुकू हरणाची शीळ आणि बबूनचं भुंकणं तेच काम करतात.

सहावी पायरी: पायी सफारी

पायी सफारी ही लुआंग्वाची देणगी मानतात. 1950मध्ये नॉर्मन कार या वनरक्षकानं न्सेफूच्या मुखियाच्या साथीनं इथे पर्यटकांसाठी पहिला कॅम्प काढला, उत्पन्न गावाला मिळेल अशा बोलीनं, आणि मग बंदुकीऐवजी कॅमेरा घेतलेल्या लोकांना चालत नेऊ लागला. आजही पुढे बंदूकधारी वनरक्षक, मागे गाईड, मग एका ओळीत पाहुणे, शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस, अशी रांग चालते. तीन-चार तास, सपाटीवर, सावकाश. काही झालं तरी पळायचं नाही. गाईडनं हात वर केला की पाऊल असेल तिथेच.

यात सिंहाजवळ जाण्याचा उद्देश नसतोच. तुम्ही शेण आणि ठसे बघायला शिकता. तरसाची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते, कारण तो हाडं चावून खातो. पाणघोड्याच्या पावलाला चार बोटं असतात, आणि तो शेपटी पंख्यासारखी फिरवून शेण झुडपांवर उडवतो. त्या उडालेल्या शेणावरून त्याची रात्रीची वाट कळते. ती वाट सोडूनच चालायचं, हे गाईड न विचारता सांगेल. पावसाळ्यात गवतामुळे या फेऱ्या जवळपास बंद असतात, म्हणून चालायचंच असेल तर जून ते ऑक्टोबर.

जेवण आणि रात्र

शाकाहारी असाल, कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर आठवडाभर आधी लेखी कळवा. आतल्या कॅम्पात सामान म्फुवेहून येतं, ऐन वेळी पनीर मागून मिळत नाही. एकदा तरी न्शिमा मागा. मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीहून घट्ट. हातानं गोळा करून भाजीत बुडवून खायची. सोबत वाळवलेली कापेंटा मासोळी मिळाली तर मालवणकडच्यांना घरची आठवण येईल. आभार मानताना “झिकोमो” म्हणा, समोरचा नक्की हसतो.

बक्षिसी दिवसाच्या हिशेबानं शेवटी एकदाच द्या. गाईडची वेगळी, बाकीच्यांची स्वागतकक्षातल्या पेटीत.

लॉजला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे पन्नास पावलंही एकट्यानं जायचे नाहीत. खोलीतली शिट्टी किंवा दिवा वापरून रखवालदाराला बोलवायचं आणि तो येईपर्यंत दारातच थांबायचं. रात्री दोनच्या सुमारास भिंतीपलीकडे कुणीतरी गवत फराफरा उपटतंय असा आवाज आला तर तो पाणघोडा आहे. दिवा लावू नका, खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघा.